खाणावळवालीचं नाव कुठल्या कागदावर?

१९७० च्या आसपासच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींतून पहाटे चारला स्टोव्ह पेटायचे. पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे वेळेत भरायला हवेत, ते गेले की तिसऱ्या पाळीहून येणाऱ्यांची पानं मांडायला हवीत. एका खोलीत स्वतःचा संसार आणि त्याच खोलीत पंधरा-वीस जणांचं दोन वेळचं जेवण. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले कामगार बायका-मुलं गावी ठेवून गाळ्यांत दाटीवाटीनं राहत. त्यांना जेवू घालणारी बाई म्हणजे खाणावळवाली.

यातल्या बऱ्याच जणींच्या घराण्यात गिरणीचं काम होतं. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढे यंत्रं बदलली, कामाची पुनर्रचना झाली आणि रात्रपाळीच्या व बाळंतपणाच्या कायद्यांचं निमित्त करून मालकांनी बायकांची भरतीच कमी केली. गिरणीचं दार बंद झालेल्या बायकांनी चूल हाच कारखाना केला. गिरणीतल्या पुरुषाचं नाव हजेरीपटावर होतं, युनियनच्या वहीत होतं, प्रॉव्हिडंट फंडाच्या खात्यावर होतं. त्याला कामावर उभं राहायची ताकद देणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठेही नव्हतं. तिची जागा कारखाना म्हणून नोंदलेली नव्हती, हॉटेल म्हणूनही नाही आणि दुकान म्हणूनही नाही. बाई काय करते असं कुणी विचारलं, तर घरचेच सांगत, ‘घरीच असते.’

या प्रकरणाचा विषय स्थानिक उद्योजक बायकांचे आपसातले संबंध आणि त्यांना मिळणारी मान्यता हा आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की आठ मार्चचा सत्कार, शाल-श्रीफळ आणि व्यासपीठावरचा फोटो आठवतो. मला सुरुवात खाणावळीपासून करायची आहे, कारण मान्यता कशाच्या अभावी अडते आणि कशानं मिळते हे तिथे अगदी उघडं दिसतं.

खाणावळीचा हिशेब पाहा. कामगाराचा पगार महिन्यातून एकदा. तांदूळ, डाळ, मासळी, रॉकेल मात्र रोज लागणार. या दोन तारखांमधली पोकळी बाईनं भरायची. ती वाण्याच्या उधारीवर भरली जायची. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा, आणि उधारवाल्या गिऱ्हाइकाला धान्यही हलकं. वाण्यानं हात आखडला की सावकार. भांडी, मणी-मंगळसूत्र गहाण. धंदा रोज चालतोय, माणसं जेवून तृप्त होतायत, आणि नफा व्याजात जातोय. यावर उपाय एकच होता, स्वस्त व्याजाचं खेळतं भांडवल. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि लहान माणसाला कर्ज देण्याची भाषा सुरू झाली होती. पण बँकेच्या खिडकीशी गेलेल्या खाणावळवालीला विचारलं जायचं की तू कोण, तारण काय आणि जामीन कोण. तिन्ही प्रश्नांची उत्तरं नवऱ्याकडे किंवा कुणाकडेच नसायची.

प्रेमा पुरव या मूळच्या गोव्याच्या. किशोरवयातच गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. गिरणीच्या संपांत त्यांनी पाहिलं की पगार बंद असतानाही खाणावळवाल्या आपल्या माणसांना उपाशी ठेवत नाहीत. संप टिकतो तो त्यांच्या उधारीवर. तरी संपाच्या वाटाघाटीत त्यांचा उल्लेख नसतो, आणि संप मिटल्यावर त्यांचं कर्ज तसंच उरतं. १९७५ मध्ये त्यांनी १४ खाणावळवाल्यांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. अन्नपूर्णा महिला मंडळाची ही सुरुवात. २००२ मध्ये पुरव यांना पद्मश्री मिळाली.

जामीनकी कुठून आली, हा यातला महत्त्वाचा भाग. एका चाळीतल्या खाणावळवाल्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धीच होत्या. एकीकडचा जेवणकरी चिडला तर दोन खोल्या पलीकडे जाऊन जेवणार. त्यामुळेच कुणाकडे किती पानं बसतात, कुणाची वसुली नियमित होते, कुणाच्या घरात दारूपायी पैसा उडतो, कोण आजारपणातही चूल बंद ठेवत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बँकेच्या अधिकाऱ्याला वर्षभर चौकशी करून जी माहिती मिळाली नसती, ती शेजारणीच्या डोक्यात तयार होती. मंडळानं या माहितीला जामीनकीचं वजन दिलं. बायकांनी एकमेकींची हमी घेतली आणि ‘तू कोण’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा दुसऱ्या बाईनं दिलं. एकमेकींना ओळखणं आणि बाहेरच्या जगाकडून मान्यता मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. इथे पहिलीतूनच दुसरी उभी राहिली.

मग १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिने उलटले, माणसं गावी परतली, पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या सुरू झाल्याच नाहीत. खाणावळींची पानं रिकामी पडली. एकमेकींची जामीन असलेली सगळी कुटुंबं एकाच वेळी अडचणीत आली, कारण सगळ्यांचं गिऱ्हाईक एकच होतं. मंडळानं यातून वाट काढली ती कार्यालयांना जेवण पुरवणं, मोठ्या ऑर्डरी घेणं, नवी मुंबईत काम वाढवणं अशा मार्गांनी. म्हणजे गिरणगावाच्या बाहेर ओळखी शोधाव्या लागल्या.

हाच मुद्दा समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एका लेखात मांडला होता. त्यांनी अमेरिकेतल्या एका उपनगरातल्या, नव्यानं नोकरी बदललेल्या माणसांना विचारलं की ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता. नेहमी भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले १०० मागे १७ च्या आसपास होते. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना जे कळतं ते आपल्यालाही आधीच कळलेलं असतं. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते.

आता हे आपल्या गावातल्या उद्योजक बाईला लावून पाहा. तिचं माहेर, सासर, शेजार, भिशी, हळदीकुंकू, बचत गट ही सगळी जवळची, घट्ट नाती. अडीनडीला धावून येणारी. पण अडत्या, ट्रान्सपोर्टवाला, पॅकिंगच्या पिशव्यांचा घाऊक विक्रेता, बँकेचा शाखाधिकारी, जिल्हा उद्योग केंद्रातला कारकून ही दूरची नाती घरातल्या पुरुषाकडे असतात. चहाच्या टपरीवर, बाजार समितीत, एसटी स्टँडवर, निवडणुकीच्या प्रचारात ती जुळतात, आणि त्या जागा बायकांच्या मानल्या जात नाहीत. म्हणून लोणचं ती घालते, आणि दुकानदाराच्या वहीत नाव त्याचं लागतं. दूरच्या ओळखी बायकांच्या थेट हाती कशा येतील, हा खरा प्रश्न आहे. बचत गटाच्या चळवळीनं घट्ट नाती फार उत्तम बांधली, याबद्दल तिचं कौतुक करावं तितकं थोडं. दूरच्या नात्यांचं काम मात्र अजून निम्म्यावरही आलेलं नाही, असं माझं मत आहे.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडचं उदाहरण या दृष्टीनं पाहण्यासारखं आहे. दुष्काळी भाग, पाऊस तुटपुंजा. तिथे रस्त्याकडेच्या पालात राहून लोहारकाम करणारी कांताबाई नावाची बाई १९९० च्या दशकात सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांकडे आली. पावसाळ्याआधी पालावर घालायला प्लास्टिक घ्यायचं म्हणून तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. रक्कम फार लहान म्हणून बँकेनं खातं उघडलं नव्हतं. यातून बायकांची स्वतःची बँक काढायचं ठरलं. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी कित्येकींच्या सह्यांच्या जागी अंगठे होते. गावात परत येऊन बायका अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की कुठलीही मुद्दल घ्या, त्यावरचं व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. बँक आली तरी बायका शाखेत येईनात, कारण तेवढ्यासाठी दिवसाची मजुरी बुडायची. तेव्हा बँकच दारोदार जाऊ लागली. नंतर कळलं की पासबुक घरी नेणं अडचणीचं आहे, शिल्लक नवऱ्याच्या डोळ्यांत येते. मग कार्डाचा पर्याय निघाला. पिन नंबर ठेवायचं ठरत होतं तेव्हा बायकांनीच हरकत घेतली. नंबर कुणीही काढून घेईल, अंगठा कोण काढून घेणार? ज्या अंगठ्यापायी अर्ज फेटाळला गेला होता, तोच त्यांनी आपल्या खात्याची किल्ली म्हणून मागितला. बाईच्या नावाची नोंद कुणाला दिसावी आणि कुणाला दिसू नये, हे ठरवण्याचा अधिकारही तिचाच आहे, ही समज मला अनेक सरकारी योजनांच्या आखणीत आढळत नाही.

माणदेशीनं पुढे उद्योगिनींसाठी प्रशिक्षण शाळा काढली, तीही बसमधून गावोगाव फिरणारी. सामुदायिक रेडिओ सुरू केला. ग्रामीण बायकांसाठी चेंबर ऑफ कॉमर्स उभं केलं. चेंबर ही जागा एरवी शहरातल्या व्यापाऱ्यांची. तिथे कर, परवाने, वाहतुकीचे दर यांवर बोललं जातं आणि संघटित होऊन सरकारकडे म्हणणं मांडलं जातं. शेळ्या पाळणारी, टोपल्या विणणारी, पिठाची गिरणी चालवणारी बाई अशा संस्थेची सभासद होते तेव्हा ती लाभार्थीच्या रांगेतून बाहेर पडते. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षपदी ज्या सात स्त्रिया होत्या त्यांत चेतना सिन्हा होत्या. म्हसवड ते दावोस हे अंतर मोठं आहेच. माझ्या लेखी म्हसवड ते तालुक्याच्या बाजार समितीतला गाळा, हे अंतर त्याहून कठीण.

एकमेकींची सोबत नेमकं काय करते, हे मोजूनही पाहिलं गेलं आहे. अहमदाबादच्या सेवा बँकेची स्थापना १९७४ मध्ये ४,००० बायकांनी प्रत्येकी १० रुपये घालून केली होती. या बँकेच्या खातेदार बायकांवर एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन, रोहिणी पांडे आणि नताली रिगोल या अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं निवडलेल्या बायकांना धंद्याचं दोन दिवसांचं मार्गदर्शन दिलं. त्यातल्या काहींना एकटीनं बोलावलं आणि काहींना सांगितलं की एका मैत्रिणीला सोबत आणा. शिकवलेलं तेच. मैत्रिणीसोबत आलेल्यांनी पुढच्या काळात धंद्यासाठी अधिक कर्जं घेतली, त्यांचा व्यवहार वाढला, घराचं उत्पन्न वाढलं, आणि ‘गृहिणी’ म्हणून राहिलेल्यांचं प्रमाण त्यांच्यात कमी आढळलं. एकट्या आलेल्यांवर ठळक परिणाम दिसला नाही. ज्यांच्या समाजात बायकांच्या बाहेर जाण्या-येण्यावर जास्त बंधनं होती, त्यांना मैत्रिणीचा उपयोग सर्वांत अधिक झाला.

हा निष्कर्ष वाचल्यापासून मला वाटतं की उद्योजकता प्रशिक्षणाच्या प्रत्येक अर्जावर एक ओळ असावी, ‘सोबत येणाऱ्या मैत्रिणीचं नाव’. त्यासाठी वेगळा निधीही लागत नाही.

मान्यतेचा आणखी एक नमुना मुंबईतच आहे, आणि तो अन्नपूर्णेच्या उलट्या टोकाचा. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड उभा राहिला. इथे काम करणाऱ्या बाईला नोकर म्हणत नाहीत, ‘बहेन’ म्हणतात, आणि ती मालकीत भागीदार असते. सकाळी मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवलेले पापड परत आणून द्यायचे आणि वणाई घ्यायची. पाकिटावर कुठल्याही एका बहेनचं नाव नसतं. नाव एकच, सगळ्यांचं. एकटीला ज्याची किंमत मिळाली नसती अशा हातांना या सामाईक नावानं बाजारात उभं केलं. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली २०२१ मध्ये, म्हणजे गच्चीवरच्या त्या दिवसानंतर ६२ वर्षांनी. संस्था मात्र तिच्यासाठी थांबून राहिलेली नव्हती.

स्वतःच्या नावानं धंदा की सामाईक नावानं, याचं एकच उत्तर नाही. पापडासारख्या, चव आणि आकार सगळीकडे सारखा लागणाऱ्या मालाला सामाईक नाव तारतं. ब्लाउज शिवणारी, मेंदी काढणारी, केटरिंग करणारी यांचा धंदा माणसावरच्या विश्वासावर चालतो, तिथे पाटीवर बाईचं स्वतःचं नाव लागलंच पाहिजे.

पाटीच्याही आधी येतो सातबारा. कर्जाला तारण लागतं आणि तारण म्हणजे बहुतेक वेळा जमीन किंवा घर. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचं १९८६ चं चांदवडचं महिला अधिवेशन आणि त्यानंतरची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम यांची आठवण अशा वेळी काढायला हवी. ज्या गावात किमान १०० कुटुंबं जमिनीचा काही हिस्सा घरच्या लक्ष्मीच्या नावे करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त मानायचं आणि तिथे जोशी स्वतः जायचे. एखाद्याच घरानं असं केलं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती. गावानं मिळून केल्यावर तो मानाचा विषय झाला. हासुद्धा सोबतीचाच परिणाम.

२०१३ मध्ये झालेल्या सहाव्या आर्थिक गणनेत देशातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापनांपैकी बायकांच्या मालकीच्या भरल्या १३.७६ टक्के, म्हणजे सुमारे ८० लाख. त्यांतल्या १०० पैकी ८३ मध्ये एकही पगारी माणूस नव्हता. मालक, कामगार, हिशेबनीस, विक्रेती सगळं एकच बाई, किंवा फार तर घरचे हात. अशी बाई प्रदर्शनासाठी चार दिवस गाव सोडते तेव्हा तिचं उत्पादन चार दिवस थांबतं. मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा या जागा मोठ्या मोलाच्या आहेत. तिथे शहरी गिऱ्हाईक भेटतं, शेजारच्या स्टॉलवरच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाईकडून बरणीवरचं लेबल कुठे छापलं ते कळतं, दर कसा सांगायचा ते कळतं. दूरच्या ओळखी जुळाव्यात तर इथेच. म्हणून अशा ठिकाणी विक्रीचा आकडा जाहीर करतात तसा, किती जणींना पुढच्या महिन्यांची कायम ऑर्डर मिळाली याचाही आकडा जाहीर व्हावा.

कायम ऑर्डरीचा सर्वांत मोठा मालक सरकार आहे. २०१८ पासून केंद्र सरकारच्या खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना आपल्या वार्षिक खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून, आणि त्यातला ३ टक्के बायकांच्या मालकीच्या उद्योगांकडून घ्यायचा आहे. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, असं २००६ चा कायदा सांगतो. खाणावळवालीला पगाराच्या तारखेची वाट पाहत वाण्याकडे जावं लागायचं, तीच दोन तारखांमधली पोकळी आज या ४५ दिवसांच्या हक्कानं भरता येते. पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, बिल स्वतःच्या नावानं हवं आणि हा नियम आपल्याला लागू आहे हे कुणीतरी सांगायला हवं. सांगणारी बहुधा दुसरी उद्योजक बाईच असते.

इथे एक धोकाही आहे आणि महाराष्ट्रानं तो पाहिलेला आहे. अंगणवाड्यांच्या पोषण आहारात कंत्राटदार नकोत, गावकरी, बचत गट आणि महिला मंडळं यांना प्राधान्य द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००४ मध्ये सांगितलं. घरी न्यायच्या आहाराची राज्यातली मोठी कामं त्यानंतर महिला मंडळांच्या नावे गेली. २०१२ मध्ये न्यायालयाच्याच आयुक्तांनी अहवाल दिला की यातल्या मोठ्या मंडळांमागे खासगी कंपन्या उभ्या आहेत. कागदावर बायकांचं नाव होतं, धंदा दुसऱ्यांचा होता. ज्या नावासाठी गिरणगावातल्या आणि माणमधल्या बायका झगडल्या, ते इथे भाड्यानं दिलं गेलं. पुढे काढलेल्या निविदेच्या अटी अशा होत्या की खरे लहान गट दारातच अडावेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निविदेच्या अटी रद्द केल्या आणि नव्यानं निविदा काढायला सांगितलं.

तेव्हा कुठल्याही मंडळाचं, गटाचं किंवा महिला उद्योगाचं नाव यादीत दिसलं की तपासणाऱ्यानं तीन गोष्टी विचाराव्यात. चेकवर सही कुणाची होते? कच्चा माल कुणाकडून घेतला आणि काय भावानं, हे अध्यक्षबाई न अडखळता सांगू शकतात का? आणि त्याच धंद्यातल्या, त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या चार बायका त्यांना ओळखतात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोटं तयार करणं सर्वांत अवघड आहे.